रिपोर्टमधलं एक वाक्य आणि उडालेली झोप

प्रश्न : मी 68 वर्षांची आहे. डोकेदुखीसाठी एमआरआय काढला. रिपोर्टमध्ये ‘वयोमानानुसार मेंदू आक्रसलेला’ असं लिहून आलं. डोकं दुखायचं थांबलं, पण माझी झोप गेली, कारण आईला ऐंशीच्या पुढे अल्झायमर झाला होता. हा आजार आधीच दाखवणारं पेट स्कॅन निघालंय म्हणतात. करून घेऊ का? सध्या विसरण्याची तक्रार नाही.

उत्तर : ताई, हे वाक्य मी एमआरआयचे रिपोर्ट लिहिण्याच्या नोकरीत असताना अक्षरशः हजारो वेळा लिहिलं आहे, दोन चहांच्या मधे, फारसा विचार न करता. घरी जाऊन ते कुणाची झोप उडवत असेल हे डोक्यातही आलं नाही. लोक त्यातलं ‘आक्रसलेला’ वाचतात. लिहिणाऱ्याला मात्र ‘वयोमानानुसार’ सांगायचं असतं. तुमच्या वयाला दिसावं तेवढंच दिसलं, बास.

आता आक्रसण्याबद्दल. कानशिलाच्या आत हिप्पोकॅम्पस नावाचा, समुद्रघोड्यासारखा वळलेला भाग असतो. नव्या आठवणी तिथून पक्क्या होतात. धडधाकट म्हाताऱ्या माणसातही तो वर्षाला साधारण दीड टक्का झिजतो आणि अल्झायमरमध्ये साडेचार टक्क्यांच्या आसपास. म्हणजे खरी माहिती झिजण्याच्या वेगात आहे, आणि एका चित्रावरून वेग कसा कळणार? म्हणून संशोधक त्याच माणसांचे स्कॅन वर्षानुवर्षं पुन्हा पुन्हा काढतात. 2004 मध्ये अमेरिकेत सुरू झालेला एडीएनआय हा अल्झायमरच्या संशोधनाचा मोठा प्रकल्प त्याच तत्त्वावर चालतो.

पेट स्कॅनची गोष्ट मला अजून थक्क करते. टोचलेलं किरणोत्सारी रसायन शरीरात कुठे जमतं, ते हे स्कॅन दाखवतं. आलॉइस अल्झायमर यांनी 1906 मध्ये ज्या गाठींचं वर्णन केलं, त्या त्यांना मृत्यूनंतर, सूक्ष्मदर्शकाखाली दिसल्या होत्या. जिवंत माणसात अमायलॉइड प्रथिनाच्या त्या गाठी पाहता यायला 2002 उजाडलं. अमेरिकेतल्या पिट्सबर्गमध्ये तयार झालेलं, अमायलॉइडला चिकटणारं रसायन स्वीडनमधल्या उप्साला इथे एका रुग्णाला पहिल्यांदा टोचलं गेलं. त्यातला किरणोत्सारी कार्बन दर 20 मिनिटांनी निम्मा होतो, त्यामुळे तो बनवणारं यंत्र शेजारीच हवं. पुढे 110 मिनिटांनी निम्मा होणारा किरणोत्सारी फ्लोरिन आला आणि ही तपासणी इतर रुग्णालयांपर्यंत पोचली.

पण या स्कॅनने एक गोंधळही दाखवला. स्मरणशक्ती ठणठणीत असलेल्या सत्तरीच्या माणसांतही चार-पाचांत एकाच्या मेंदूत अमायलॉइड सापडतं. लक्षणांच्या पंधरा-वीस वर्षं आधीपासून ते साचू लागतं हे खरं, पण ते साचलेल्या प्रत्येकाला विसरभोळेपणा येतोच असं नाही. विस्मरणाशी जास्त जुळतं ते टाउ नावाचं दुसरं प्रथिन.

तेव्हा माझं उत्तर ‘नको’. 2013 मध्ये तज्ज्ञांनी ठरवलेल्या निकषांतही केवळ घरात आजार होता म्हणून, तक्रार नसताना, अमायलॉइडचं स्कॅन करू नये असंच म्हटलं आहे. समजा स्कॅनमध्ये अमायलॉइड ‘आहे’ असं आलं, तर तुम्ही काय कराल? लेकॅनेमॅबसारखी अमायलॉइड कमी करणारी नवी औषधं सुरुवातीची लक्षणं दिसणाऱ्यांसाठी आहेत. तीही मेंदूला सूज किंवा रक्तस्राव होत नाही ना, हे एमआरआयवर पाहत पाहत द्यावी लागतात.

आईला हा आजार साठीच्या आत झाला असता, तर मी आधी आनुवंशिकतेच्या सल्लागाराकडे पाठवलं असतं. ऐंशीच्या पुढचं प्रकरण वेगळं. घरचे म्हणू लागले, की तुम्ही तीच गोष्ट तासाभरात तिसऱ्यांदा विचारली, तर न्यूरोलॉजिस्टकडे जा. सुरुवात तेही कागद-पेन्सिलच्या स्मरण चाचणीने करतील.

आणि हो, एमआरआयची सीडी रागाने फेकून दिली नसेल तर जपून ठेवा. पाच-दहा वर्षांनी कधी पुन्हा स्कॅन काढायची वेळ आली, तर शेजारी ठेवून बघायला तीच लागेल.