नर्सिंगच्या परीक्षेआधी : रुग्णतपासणीच्या शंका

छातीच्या तपासणीत स्टेथोस्कोप सगळ्यांत शेवटी लावतो. मग पोटाच्या तपासणीत तो दुसऱ्या क्रमांकावर का?

पोट ठोकलं किंवा दाबलं की आतड्यांची हालचाल बदलू शकते, आणि ऐकू येतो तो आवाज मूळचा राहत नाही. म्हणून आधी पाहणं, मग ऐकणं, मग ठोकणं, शेवटी चाचपणं. दुखरा भाग सगळ्यांत शेवटी. आवाज नाहीत असं लिहिण्याआधी पूर्ण पाच मिनिटं ऐका.

ग्लासगो कोमा स्केलचे (रुग्ण किती शुद्धीवर आहे हे मोजणाऱ्या गुणपट्टीचे) आकडे पाठ आहेत, तरी केस दिली की गुण चुकतात.

बहुतेकांचं गणित हालचालीच्या भागात बिघडतं. डोळ्यांना 4, बोलण्याला 5, हालचालीला 6. कमाल 15, किमान 3. शून्य कुठेच नाही. आता समजा, रुग्ण हाक मारल्यावर डोळे उघडतो, महिना चुकीचा सांगतो, पण सांगितलं की हात उचलतो. 3, 4 आणि 6, म्हणजे 13.

रुग्ण सांगितलेलं करत नसेल तेव्हा खरी कसोटी. भुवईच्या कडेवर दाब दिल्यावर हात क्लॅव्हिकलच्या (गळ्याखालच्या आडव्या हाडाच्या) वर, दाबाच्या दिशेनं आला तर 5. नुसता झटकन मागे घेतला तर 4. हात कोपरात विचित्रपणे, सावकाश दुमडला तर 3, ताठ सरळ झाला तर 2. दोन हातांत फरक असेल तर चांगल्या हाताचे गुण धरा, पण दुबळी बाजू नोंदवाच. घशात नळी असेल तर बोलण्याला 1 देऊ नका, 'तपासता येत नाही' असं लिहा.

आणि कृपा करून नुसती बेरीज लिहू नका. तिन्ही आकडे वेगळे लिहिले तरच पुढच्या पाळीतल्या नर्सला नेमकं काय खालावलं ते कळतं.

श्वास 15 सेकंद मोजून चारने गुणले तर चालेल का?

नको. त्यात 16, 20, 24 असेच आकडे मिळतात. 18 किंवा 22 कधी येणारच नाही. प्रौढाची मर्यादा 12 ते 20 असताना हा फरक मोठा आहे. पूर्ण मिनिट मोजा, नाडीवरची बोटं न उचलता, म्हणजे रुग्णाला कळत नाही आणि तो श्वास बदलत नाही.

ऑक्सिमीटर 84 दाखवतोय, रुग्ण निवांत बोलतोय. 'प्रथम काय कराल?'

रुग्णाकडे पाहा : श्वास, ओठांचा रंग. मग प्रोब, म्हणजे बोटाला लावलेला चिमटा. थंड बोटं, गडद नेलपॉलिश, हलणारा हात यांनी आकडा खोटा येतो. मात्र प्रश्नातच 'धाप लागली आहे, ओठ निळसर' असं दिलं असेल तर तपासणी झालेली आहे. तिथे पुन्हा 'निरीक्षण करा' हा पर्याय निवडू नका. डोक्याकडची बाजू उंच करणं, ऑक्सिजन सुरू करणं अशी कृती निवडा.