एरोस्पेसमध्ये अँटेना डिझाइन इंजिनिअरचं काम नेमकं काय असतं? ईएनटीसीवाल्यांनी (इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशन) काय तयारी करावी?

मी याच कामात आहे म्हणून सांगते, दिवसाचा बराच वेळ कॉम्प्युटरवर जातो, एचएफएसएस किंवा सीएसटी या सिम्युलेशन सॉफ्टवेअरमध्ये अँटेनाचं मॉडेल करायचं, सिम्युलेशन लावायचं आणि वाट बघायची. पण खरा कस लागतो तो मोजताना. जीपीएसची फ्रिक्वेन्सी 1575.42 मेगाहर्ट्झ, म्हणजे वेव्हलेंग्थ साधारण 19 सेंटिमीटर, पॅच, म्हणजे चपटा अँटेना, सुटा असताना एकदम बरोबर ट्यून होतो आणि वर रेडोम (अँटेनाचं संरक्षक झाकण) बसवला की ग्राफमधला खड्डा, म्हणजे अँटेना जिथे ट्यून झालाय ती जागा, डावीकडे सरकतो, कारण त्या मटेरियलमुळे फ्रिक्वेन्सी खाली येते, मग पॅच जरासा लहान करा नि परत सगळं पहिल्यापासून. अ‍ॅनेकोइक चेंबरमध्ये, म्हणजे रेडिओ लहरी परावर्तित होऊ न देणाऱ्या मोजणीच्या खोलीत, चारी बाजूंनी फोमचे सुळके, इतकं शांत की स्वतःचा श्वास ऐकू येतो, मला तिथे फार आवडतं. उपग्रहाचं काम असेल तर व्हायब्रेशन, थर्मल व्हॅक्यूम (निर्वातात तापवून आणि थंड करून बघायची) टेस्ट आल्याच.

ईएनटीसी करताय तर इलेक्ट्रोमॅग्नेटिक्स प्लीज ऑप्शनला टाकू नका. इस्रोमध्ये पेलोड अँटेनाचं काम अहमदाबादच्या सॅकमध्ये (स्पेस अ‍ॅप्लिकेशन्स सेंटर) चालतं, मुंबईत समीर ही मायक्रोवेव्ह संशोधन संस्था आहे. आणि नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या 45 मीटरच्या डिश आहेत ना, त्या एकदा जाऊन बघाच.