एकटा माणूस सहा जण करते, मंग ते 'एकपात्री' काऊन?

गडचिरोली जिल्ह्यातल्या चामोर्शीकडच्या एका शिक्षिका ताईंचा प्रश्न आहे. त्यांच्या गावात मंडईच्या, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेच्या, निमित्तानं एक प्रयोग ठेवला आहे, करणारा तिकडलाच, साठच्या दशकात पूर्व पाकिस्तानातून आलेल्या ज्या बंगाली कुटुंबांना सरकारनं चामोर्शी-मुलचेरा भागात वसवलं त्यातल्या एका घरचा मुलगा, आता पन्नाशीचा. तो एकटाच उभा राहून आपलं लहानपण सांगतो, घरचे देव, शेजारचे देव, शाळा, सगळं हसवत हसवत. पत्रिकेवर 'एकपात्री' लिहिलं तर एका सरांनी हरकत घेतली, की हा तर आई, काकू, गुरुजी, पुजारी असे सहा जण करून राहिला, मग बहुपात्री म्हणा नाहीतर सरळ स्टँडअप म्हणा.

सरांची हरकत अगदीच हवेत नाही. नाटकाच्या पुस्तकात पहिल्या पानावर पात्रांची यादी असते तिथं पात्र म्हणजे भूमिकाच, आणि 'तीनअंकी'त जसे तीन अंक मोजतो तसं 'एकपात्री'त एक पात्र मोजलं तर हिशेब चुकतोच. पण मोजायचं काय ते आधी ठरवा ना. पात्र म्हणजे मुळात भांडं, ज्यात काही ओततात ते, आणि संस्कृत नाट्यात हाच शब्द भूमिका घेऊन उभ्या राहणाऱ्या नटालाही लावतात. म्हणजे भांडं एक, त्यात ओतलेली माणसं कितीही. आपण वैनगंगेचं पात्र म्हणतो तेव्हा तरी किती नाले येऊन मिळाले ते कुठं मोजतो. लक्ष्मण देशपांडे 'वऱ्हाड निघालंय लंडनला'मध्ये एकटे ५२ माणसं उभी करायचे (तिथलं वऱ्हाड लग्नाचं बरं का, आपलं अकोला-अमरावतीचं नाही), त्याला कोणी बावन्नपात्री म्हटलं नाही, एकपात्रीच म्हटलं. शब्द रुळलेला आहे आणि माझ्या मते बरोबर आहे.

आता गंमत अशी की हा प्रकार आपल्याकडं नवा नाहीच. संस्कृतात रूपकाचे, म्हणजे नाटकाचे, दहा प्रकार सांगतात त्यातला एक 'भाण', एकच अंक, एकच नट, आणि बहुतेक हसवणारा. तो रिकाम्या जागेकडं पाहून बोलतो, 'काय म्हणतोस?' असं विचारतो आणि समोरच्यानं न दिलेलं उत्तर आपणच म्हणून दाखवतो, त्याला आकाशभाषित म्हणतात. ताईंनी त्या प्रयोगातला जो प्रसंग लिहून पाठवला तो वाचून मला हेच आठवलं. नवरात्र आहे, शेजारच्या काकूंचा नऊ दिवसांचा उपास, आणि ह्याच्या घरी दुर्गापूजेचे मासे शिजून राहिले. पोरगा कुंपणापाशी उभा. 'काय म्हणता काकू? वास? कशाचा वास?' काकू स्टेजवर नाहीच, पण तिचं नाक दिसते आपल्याला. मग तो आईकडं वळतो आणि आई म्हणते, देवी लेकरं घेऊन माहेरी आली आहे, माहेरवाशिणीला उपाशी ठेवते का कोणी. आपल्याकडं महालक्ष्म्या (गौरी) येतात तेव्हा आपण काय वेगळं म्हणतो! ताई म्हणतात तालमीच्या वेळी इथं बायका हसल्या आणि एकदम गप्प झाल्या, मला वाटते ह्या प्रयोगाचा जीव तिथंच आहे.

स्टँडअप म्हणायला माझा विरोध इंग्रजी म्हणून नाही, शब्द आता सगळ्यांना कळतो. पण स्टँडअपवाला बहुतेक वेळ स्वतः म्हणूनच बोलतो, मध्ये कोणाचा आवाज काढला तरी लगेच परत येतो. हा माणूस काकू झाला की काकूच होतो, पदर सावरतो, मगच परत पोरगा होतो. गाडगेबाबांचं कीर्तनही एकट्याचंच होतं आणि श्रद्धेवरच होतं, वऱ्हाडी बोलीत लोकांना हसवून हसवून अंधश्रद्धेवर बोलायचे, पण तिथं प्रश्नाला समोर बसलेले लोक खरोखर उत्तर द्यायचे. त्याला आपण एकपात्री म्हणत नाही, कीर्तनच म्हणतो, कारण बाबा दुसरं कोणी होत नव्हते.

गावातले म्हातारे म्हणतील 'नकला करते तो', आणि हा शब्द मला फार आवडतो. नक्कल मूळ अरबी, त्यात एका जागेवरून दुसऱ्या जागी नेणं असाही अर्थ आहे आणि उतरवून घेणं असाही, म्हणून तर सातबाऱ्याचीही आपण नक्कल काढतो. जागा बदललेल्या घरातल्या पोराला हा शब्द किती शोभते पहा. तरी पत्रिकेवर नको, कारण नकलेत मूळ माणूस लोकांना ठाऊक असावा लागतो, पुढाऱ्याची नक्कल हसवते कारण पुढारी आपण पाहिलेला असतो. ह्याची आई कोणी पाहिली आहे? प्रेक्षक तिला पहिल्यांदा भेटतात आणि तिच्यात आपलीच आई पाहतात, ते नकलेच्या पुढचं काम आहे.

तर ताई, 'विनोदी एकपात्री प्रयोग' असं बिनधास्त छापा. 'एकपात्री नाटक' चालेल, पण आपल्या झाडीपट्टीत, पूर्व विदर्भात, नाटक म्हटलं की लोक रातभराच्या तयारीनं चादर घेऊन येतात आणि हा दीड तासात संपणार, म्हणून प्रयोगच बरा.

तुम्ही जाता जाता विचारलंय की त्याच्या ओळखीत 'निर्वासित' लिहू की 'स्थलांतरित'. दोन्ही सारखे नाहीत. स्थलांतरित म्हणजे जागा बदललेला, तो कापूस वेचायला गेलेला मजूरही असतो आणि पुण्याला नोकरीला गेलेला आपला पोरगाही. निर्वासित म्हणजे ज्याचा वास, राहणंच, सुटलं तो. त्याच्या आईबापाला निर्वासित हाच शब्द बरोबर, पण तो स्वतः इथं जन्मला, इथल्या शाळेत शिकला, त्याला तो लावू नका. आणि काही लावायच्या आधी त्याला एक फोन करा, घरी आई स्वतःला काय म्हणायची ते विचारा, आणि तो सांगेल तोच शब्द जसाच्या तसा छापा.