घरच्या घरी स्वतःचा इमोशनल, नाट्यमय फोटो कसा काढावा, म्हणजे तो खोटा वाटणार नाही?

प्रश्नातलं ते ‘खोटा वाटणार नाही’ वाचलं म्हणून लिहायला बसले, नाहीतर ट्रायपॉड आणि टायमर सांगणारे इथे भरपूर आहेत. मांडून काढलेला फोटो म्हणजे खोटा फोटो, हे आधी डोक्यातून काढून टाका.

माझंच सांगते. आई गेल्यावर राजापूरकडचं माहेरचं घर विकायचं ठरलं. सामान बहुतेक हललं होतं, माजघरात आईची लोणच्याची मोठी चिनी मातीची बरणी तेवढी राहिली होती कारण फ्लॅटमध्ये ती कुणालाच नको होती. मला फोटो आधीपासून डोळ्यासमोर दिसत होता, आईचं लुगडं नेसून मी भिंतीला टेकून बसलेय, बरणी मांडीत आणि हात कोपरापर्यंत आत, शेवटची फोड शोधताना घालतो ना तसा. आता आमच्या माजघराला खिडकी नाही, उजेड काय तो कौलातल्या काचेतून, आणि तो कवडसा सरकत सरकत भिंतीपाशी आला की थोडाच वेळ हातात असतो. म्हणून आदल्या दिवशीच जमिनीवर खडूने खूण करून ठेवली. माझ्या जागी पाट उभा करून त्यावर मॅन्युअल फोकस केला, इंटरव्हल टायमर लावला (ठरावीक वेळाने कॅमेरा आपोआप फोटो काढत राहतो तो), निखाऱ्यावर धूप टाकला (धूर नसेल तर उजेडाची तिरीप फोटोत दिसतच नाही), एक्स्पोजर, म्हणजे कॅमेऱ्यात किती उजेड घ्यायचा ते, कवडशावर धरलं आणि बाकीची खोली काळी होऊ दिली. ठरवलं होतं रडायचं. पण हात आत गेला आणि तळाशी अजून मोहरी-हिंगाचा वास होता, तर रडू आलंच नाही, जबडा घट्ट झाला आणि बोटं नुसती तळ खरवडत राहिली. तीच फ्रेम ठेवली. त्यात माझे डोळे नीट दिसतही नाहीत, बरणीच्या काठावर दाबून पांढरी पडलेली हाताची कातडी दिसते.

हा फोटो बघून आमचे मोठे भाऊजी गणपतीत सगळ्यांसमोर म्हणाले, “हे नाटक झालं, फोटोग्राफी नाही. फोटो म्हणजे घडतंय ते टिपायचं.” भाऊजी पक्ष्यांचे फोटो काढतात. हाइडमध्ये, म्हणजे पक्ष्यांना दिसू नये म्हणून केलेल्या आडोशात बसून. समोर फांदी कुणीतरी खोचलेली असते, पाणी आणि खाणं ठेवलेलं असतं, मागची हिरवळ धूसर येईल अशा बेताने सगळं लावलेलं असतं. पक्षी खरा असतो म्हणून तो फोटो खरा, मग माझं दुःख खरं नव्हतं का? बरणी आईची होती, घर आमचं होतं, मी फक्त उजेडाची वेळ ठरवली.

आणि हे आजकालचं फॅड आहे असं ज्यांना वाटतं त्यांनी इपोलित बायार हा जुना फ्रेंच फोटोग्राफर बघावा. फ्रान्समध्ये 1839 साली दागेरला त्याच्या फोटो काढण्याच्या पद्धतीसाठी सरकारने पेन्शन दिलं, बायारची स्वतःची वेगळी पद्धत होती तिची कुणी तशी दखल घेतली नाही. तर 1840 मध्ये त्याने स्वतःचाच बुडून मेलेल्या माणसाचा फोटो काढला, उघडा, डोळे मिटलेले, आणि मागे लिहिलं की सरकारने दागेरला एवढं दिलं, मला काही नाही, म्हणून या बिचाऱ्याने जीव दिला. माणूस जगला 1887 पर्यंत! प्रेत खोटं, पण झालेला अपमान शंभर टक्के खरा. आपल्याकडे पुष्पमाला एन. या कलावतीने स्वतःच पात्र होऊन नवरसांवरची फोटोंची मालिका मुंबईत जे. एच. ठक्कर यांच्यासोबत केली, सिनेनटांचे फोटो काढणारे जुने स्टुडिओवाले ते, तीही आवर्जून बघा.

बरं, तुमचं. मोबाइल असेल तर मागचा कॅमेरा वापरा आणि निदान चार-पाच फूट लांब ठेवा, जवळून नाक मोठं येतं. ट्यूबलाइट बंद, एकच खिडकी, ती बाजूला. वाटलं तर व्हिडिओ लावून त्यातली फ्रेम घ्या, क्वालिटी कमी मिळते पण टायमरच्या टिकटिकीत चेहरा आखडत नाही. ग्लिसरीन घालू नका असं मी म्हणेन, अश्रू दिसले की बघणारा बाकी काही बघत नाही. हाताला काम द्या, चेहरा आपोआप येतो. वस्तू दुकानातून आणू नका, घरातलीच घ्या, जिला हात लावताना तुम्हाला काहीतरी होतं ती.

एक राहिलंच, बंद खोलीत धूप-धूर करणार असाल तर दार उघडं ठेवा, आणि घरच्या ग्रुपवर टाकताना खाली लिहा की मांडून काढलाय, माझी मावशी बघून रात्री फोनवर रडत होती, तिला समजावता समजावता पुरेवाट झाली. आणि कुणी नाटक म्हणालं तर त्याला बायारचा तो फोटो पाठवून द्या, मी भाऊजींना पाठवलाय, उत्तर अजून आलेलं नाही.