फौंड्रीत पहिल्यांदा कामाला लागताना काय सांभाळायचं?

तू विचारलंयस ते थोडक्यात असं: आयटीआय झालंय, येत्या सोमवारपासून बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका फौंड्रीत, म्हणजे लोखंड वितळवून साच्यात ओतायच्या कारखान्यात, हेल्पर म्हणून लागतोयस. मित्र म्हणतो, सेफ्टी ट्रेनिंग म्हणजे एका कागदावर सही, बाकी काही नाही. मग आपलं आपण काय सांभाळायचं? आणि खाली एक ओळ, "जास्त विचारलं तर काढून टाकतील काय?"

माझ्या पुतण्याच्या वयाचा वाटतोस म्हणून एकेरीच लिहितो. तुझा खरा प्रश्न ही खालची ओळ आहे. हेल्मेट, बूट, गॉगल याबद्दल कुठंही वाचायला मिळेल. पण नवा पोरगा पहिल्या महिन्यात का लागून घेतो, हे मी स्वतःच्या हातावर शिकलोय.

मी १९९८ साली मच्छेच्या बाजूला एका मशीन शॉपमध्ये हेल्पर म्हणून लागलो. गाव खानापूर तालुक्यातलं, जांबोटीकडचं, त्यामुळं कानडी मला बाजारापुरतीच यायची. फोरमन कानडी माणूस, चांगला होता. चौथ्या दिवशी त्यानं मला ड्रिलवर उभं केलं आणि जाता जाता ओरडून सांगितलं, "ग्लोज हाकब्याड." शेजारी दोन लेथ आणि एक ग्राइंडर चालू. मला ऐकू आलं "ग्लोज हाक". हाक म्हणजे घाल, एवढं मला माहीत होतं. शेवटचं 'ब्याड', म्हणजे 'नको', ते आवाजात गेलं. मी शहाण्यासारखी मान हलवली, खुंटीवरचे सुती हातमोजे चढवले आणि काम सुरू केलं. दहा मिनिटांत मोज्याचा धागा ड्रिल बिटात अडकला. उजव्या हाताची करंगळी आजही सरळ होत नाही.

फिरणाऱ्या यंत्रावर हातमोजे घालायचे नाहीत, हा पहिला धडा. उघड्या बोटाला ड्रिल घासलं तर कातडी जाते. मोजा अडकला तर तो हात घेऊनच फिरतो. गरम कास्टिंग म्हणजे ओतीव भाग उचलताना, धारेचा पत्रा धरताना, फेटलिंगमध्ये, म्हणजे कास्टिंग घासून साफ करताना, कडेचा धारदार बर काढताना मोजे हवेतच. ड्रिल, लेथ, मिलिंगवर मात्र नकोत. तोच नियम सैल बाह्यांना, गळ्यातल्या रुमालाला, अंगठीला, कड्याला. मनगटात ज्योतिबाचा नाहीतर यल्लम्माचा दोरा असेल तर शिफ्टपुरता काढून डब्याच्या पिशवीत ठेव. देव रागावत नाही, मी विचारून बघितलंय.

पण दुसरा धडा मोठा. मला कळलं नव्हतं आणि तरी मी मान हलवली. नवीन माणसाला वाटतं, परत विचारलं तर ह्याला काही येत नाही असं होईल. आपल्या भागात त्यात भाषेची भर. एकाच शेडमध्ये आपण मराठी, फोरमन कानडी, भट्टीवरची पोरं बिहार-ओडिशाची हिंदी बोलणारी, आणि मशीनवरचं स्टिकर इंग्रजीत. भाषेवरून आपल्याकडं बाहेर काय चालतं ते चालू दे. शेडच्या आत चार शब्द तिन्ही भाषांत पाठ पाहिजेत. "हिडी" म्हणजे धर, "बिड" म्हणजे सोड. जड कास्टिंग दोघं मिळून उचलताना दोघांपैकी एकानं धरलं आणि दुसऱ्यानं सोडलं तर पाय कुणाचा जाणार ते सांगायला नको. क्रेनखाली "म्याल" वर, "केळग" खाली. "सरी" फसवा आहे: 'ठीक आहे' यालाही सरी आणि 'बाजूला हो' यालाही सरी. म्हणून तो ऐकला की आधी बाजूला हो, मग विचार कर. बोर्डावर "एच्चरिके" दिसलं की सावधान, "मुट्टबेडी" म्हणजे हात लावू नका, "बेंकी" म्हणजे आग. कानडी अक्षरं वाचता येत नसतील तर पहिल्या दिवशी शेडमधले सगळे बोर्ड कुणाकडून तरी वाचून घे. चहाच्या सुट्टीत पाच मिनिटांचं काम आहे.

आता भट्टी. फौंड्रीतला सगळ्यात मोठा शत्रू आग नाही, पाणी आहे. हे ऐकून नवीन पोरं हसतात. वितळलेलं बीड (कास्ट आयर्न) साधारण १४०० अंशांच्या पुढं असतं. त्याच्या खाली किंवा आत थोडंसं पाणी सापडलं तर क्षणात वाफ होते, आणि पाण्याची वाफ झाली की ती सुमारे १७०० पट जागा मागते. वरचं लोखंड मग तिथं थांबत नाही, शेडभर उडतं. आपल्याकडं जून ते सप्टेंबर पाऊस कसा असतो तुला माहीत आहे, आणि बऱ्याच ठिकाणी भंगार उघड्या आवारातच पडलेलं असतं. म्हणून ओला स्क्रॅप भट्टीत टाकायचा नाही, कोणी घाई केली तरी. दोन्ही तोंडं बंद असलेला पाइप, गाडीचा शॉक अॅब्सॉर्बर, बंद डबा हेही तसंच. आत पाणी, तेल किंवा नुसती कोंडलेली हवा असली तरी फुटतं. लॅडल, म्हणजे वितळलेलं बीड न्यायचं आणि ओतायचं भांडं, आधी तापवून कोरडी केलेली पाहिजे. ढवळायची सळई, स्लॅग म्हणजे वर तरंगणारा मळ काढायचा चमचा, सगळं कोरडं आणि गरम. कोपऱ्यात ठेवलेली थंड सळई दिसायला कोरडी असते, पण तिच्यावर दमट हवेचं पाणी धरलेलं असतं. आणि ओतलेलं बीड काँक्रीटवर सांडलं तर काँक्रीटमधला ओलावाही तेच करतो. म्हणून ओतायच्या जागी कोरडी वाळू पसरलेली असते. ती वाळू कचरा समजून झाडून काढू नकोस. आमच्याकडं एका नव्या पोरानं साहेबाला खूश करायला ती चकाचक केली होती.

पोअरिंगच्या, म्हणजे बीड ओतायच्या, वेळी तुझं काम नसेल तर तिथं उभं राहू नकोस, मोबाइलवर शूटिंग तर नाहीच. लॅडल नेणाऱ्याच्या वाटेत काही पडलेलं असेल तर ओतायच्या आधी उचल, ओतताना नाही. आणि भट्टीजवळ कपडे सुती. टेरिकॉट किंवा पॉलिएस्टरवर ठिणगी पडली की ते वितळून कातडीला चिकटतं. पँटचा पाय बुटाच्या बाहेर घाल, आत खोचू नकोस. आत खोचला तर सांडलेलं बीड सरळ बुटात जातं आणि लेस सोडायला वेळ नसतो. म्हणून मोल्डर, म्हणजे साचे करणारे लोक बिनलेसचे, ओढून निघणारे बूट घालतात.

मशीनबद्दल थोडक्यात दोन-तीन गोष्टी, बाकी ऑपरेटर शिकवेल. लेथच्या चकची (जॉब पकडणाऱ्या भागाची) चावी हातातून सुटली पाहिजे ती स्टँडवरच, चकमध्ये राहिली आणि मशीन सुरू झालं की ती गोळीसारखी सुटते. ग्राइंडरला नवं चाक बसवताना त्यावर लिहिलेली आरपीएम (मिनिटाला फेरे) मशीनच्या आरपीएमपेक्षा कमी नको. बसवण्याआधी ते बोटावर टांगून लाकडी मुठीनं हलकं ठोकायचं. खणखणीत वाजलं तर ठीक, बद्द वाजलं तर आत चीर आहे. बसवल्यावर मिनिटभर मोकळं फिरू द्यायचं आणि तेवढा वेळ समोर नाही, बाजूला उभं राहायचं. टूल रेस्ट (जॉब टेकवायची पट्टी) आणि चाक यात ३ मिलिमीटरपेक्षा जास्त फट नको, नाहीतर जॉब आत ओढला जातो. एअर होजनं अंगावरची धूळ उडवायची नाही. ही सवय उद्यमबागेत सगळ्यांना आहे, मलाही होती. हवेचा जोर कातडीतून आत जाऊ शकतो, आणि डोळ्यात धातूची चीप जायचा हाच सगळ्यात सोपा रस्ता.

मशीन साफ करताना किंवा अडकलेलं काढताना नुसतं स्टॉप बटण पुरत नाही. मेन बंद, शक्य असेल तर कुलूप, आणि चावी तुझ्या खिशात. दुसऱ्याला काय माहीत तू खाली वाकलायस?

खंडेनवमीला मशीनला झेंडूचा हार घालतो ना आपण, तो दुसऱ्या दिवशी काढल्याशिवाय स्विच दाबू नकोस. हसण्यावारी नेऊ नकोस. स्पिंडलवर राहिलेला हार आणि तो ओढायला गेलेला हात, दोन्ही मी बघितलेत.

धुळीबद्दल जास्त सांगायला हवं, कारण ती दुखत नाही. नॉकआउट (साचा फोडून कास्टिंग बाहेर काढणं), शॉट ब्लास्टिंग (बारीक छर्रे मारून ते साफ करणं), फेटलिंग इथं मोल्डिंगच्या वाळूची जी बारीक धूळ उडते त्यात सिलिका असते. जी धूळ दिसते ती नाका-घशात अडकते. फुप्फुसाच्या तळाशी जाते ती काही मायक्रॉनची, डोळ्याला न दिसणारी. तिच्यानं सिलिकोसिस होतो. लक्षणं बहुतेकदा दहा-वीस वर्षांनी दिसतात, आणि एकदा झाला की बरा करणारं औषध नाही. रुमाल बांधून ही धूळ अडत नाही. एन-९५ किंवा त्या दर्जाचा, चेहऱ्याला घट्ट बसणारा मास्क लागतो, दाढीवर तो नीट बसत नाही. कोरडा झाडू मारण्यापेक्षा फेटलिंगच्या जागी पाणी शिंपडून झाड, पण भट्टीकडं नाही, कारण वर सांगितलंच. खोकला बरेच दिवस राहिला तर डॉक्टरला तू फौंड्रीत काम करतोस हे आपणहून सांग, ते विचारत नाहीत.

लागलंच तर. भाजलं की वाहत्या साध्या पाण्याखाली वीस मिनिटं. हळद, टूथपेस्ट, शाई काही लावायचं नाही, चिकटलेला कपडा ओढून काढायचा नाही. वेल्डिंगच्या उजेडानं रात्री डोळ्यात वाळू गेल्यासारखं झालं तर बटाट्याची चकती ठेवून बसू नकोस, डोळ्याच्या डॉक्टरकडं जा. बोट तुटून पडलं तर स्वच्छ ओल्या कापडात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत, आणि ती पिशवी बर्फात. बोट थेट बर्फात नाही. आणि १०८.

आता कागद. चाळीस-पन्नास माणसांच्या युनिटमध्ये सेफ्टी ऑफिसर शोधू नकोस, तेवढ्यांना तो ठेवायचं बंधन नसतं. पण हक्क तुला आहेतच. १९४८चा कारखाने कायदा जाऊन २१ नोव्हेंबर २०२५पासून कामाच्या जागच्या सुरक्षेची २०२०ची नवी संहिता लागू झाली आहे. तिच्याप्रमाणे नेमणुकीचं पत्र मिळालं पाहिजे, आणि सुरक्षेसाठी दिलेल्या वस्तूचे पैसे कामगाराकडून घेता येत नाहीत. बुटाचे पगारातून कापत असतील तर विचार. महिन्याला २१,००० रुपयांपर्यंत पगार असेल आणि युनिटमध्ये दहा किंवा जास्त माणसं असतील तर ईएसआय, म्हणजे सरकारी कामगार विमा, लागतो. पगारातून तुझे ०.७५ टक्के, मालकाचे ३.२५ टक्के. ठेकेदारामार्फत लागलास तरी. कामावरच्या इजेला पहिल्या दिवसापासून संरक्षण आहे, आणि त्या इजेमुळं रजेवर राहावं लागलं तर पगाराच्या साधारण ९० टक्के मिळतात. पहिल्याच आठवड्यात ईएसआयचा नंबर मागून घे आणि मोबाइलमध्ये ठेव.

दवाखान्यात "घरी पडलो म्हणून सांग" असं कोणी म्हणालं तर सांगू नकोस. मला तसं सांगायला लावलं होतं, मी सांगितलं, आणि मग पुढचा एक पैसा मिळाला नाही.

आता काढून टाकतील काय याबद्दल. सहा आठवड्यांनी मी परत गेलो तेव्हा फोरमननं मला बाजूला घेतलं. मोडक्या मराठीत विचारलं, तुला कळलं नव्हतं तर मान का हलवलीस? मी खाली बघत राहिलो. त्या दिवसापासून तो कुठल्याही नव्या पोराला काम सांगितलं की तिथंच उभा राहायचा आणि म्हणायचा, "हेळप्पा, येनु हेळिदे?" काय सांगितलं मी, सांग बघू. पोरगं आपल्या भाषेत परत सांगेपर्यंत हलायचा नाही. मी नंतर वीस वर्षं तेच केलं, आणि परत विचारलं म्हणून कुणाला काढल्याचं मला आठवत नाही.

सगळेच असे भेटतील असं नाही. फोरमन तुझ्याकडून वदवून घेत नसेल तर तूच म्हण, "म्हणजे मोजे काढून, आधी मेन बंद, मग हात, बरोबर काय?" पाच सेकंद लागतात. तो वैतागला तर ऑपरेटरला विचार, जुनी माणसं शिकवायला आवडीनं तयार होतात, चहा तू सांगितलास तर आणखीच. आणि सोमवारी तो सहीचा कागद समोर आला की आधी वाच, कानडीत असेल तर वाचून घे, त्याचा मोबाइलवर फोटो काढ, मग सही कर.