शेजारच्या प्लॉटवरचे वाळलेले गवत

प्रश्न : आमच्या घराला लागून असलेल्या मोकळ्या प्लॉटवर कमरेएवढे गाजरगवत वाळून उभे आहे आणि मालक परगावी असतात. माझी मुलगी कॅलिफोर्नियात राहते. घराभोवतीची वाळलेली झाडी काढणे तिथे कायद्यानेच बंधनकारक आहे, असे ती सांगते. आपल्याकडे काय करता येईल? होळीआधी आम्हीच ते जाळून टाकले तर चालेल का?
– एक वाचक, इंदूर

उत्तर : कृपा करून जाळू नका. वाऱ्याची दिशा बदलली की आग आवरत नाही, आणि आगीबाबतच्या निष्काळजीपणाने कुणाच्या जिवाला धोका झाला, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २८७ नुसार सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. उघड्यावर कचरा जाळणाऱ्याकडून ५,००० रुपये वसूल करण्याचा राष्ट्रीय हरित अधिकरणाचा २०१६चा आदेशही आहे.

तुमची मुलगी सांगते ते खरे आहे. कॅलिफोर्नियात वणव्याचा धोका असलेल्या भागांतील घरमालकाला घरापासून १०० फुटांपर्यंत, मात्र स्वतःच्या हद्दीतच, झाडी आटोक्यात ठेवावी लागते. गवत चार इंचांहून वाढू द्यायचे नसते आणि धुराड्यापासून दहा फुटांच्या आत फांदी चालत नाही. यामागचे कारण आपल्यालाही लागू आहे, कारण बहुतेक घरे प्रत्यक्ष ज्वाळांनी नव्हे, तर उडत आलेल्या ठिणग्यांनी पेटतात. म्हणून तुमच्या बाजूच्या कुंपणालगतचा पाला, गच्चीच्या पन्हळीत साचलेली पाने आणि भिंतीला टेकवलेली लाकडे आजच काढा.

शेजारच्या प्लॉटसाठी आधी मालकांना लेखी कळवा आणि त्यांची संमती मिळाली तरच आत जाऊन कापणी करा. संमती मिळत नसेल, तर नगर निगमच्या झोन कार्यालयात किंवा इंदूर ३११ या ॲपवर फोटोसह तक्रार नोंदवा; तिथे दाद लागली नाही, तर मुख्यमंत्री हेल्पलाइन १८१ आहे. सार्वजनिक उपद्रव दूर करण्याचा सशर्त आदेश देण्याचा अधिकार भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ ने कार्यकारी दंडाधिकाऱ्यांना दिला आहे. त्यांच्याकडे करायच्या अर्जावर आजूबाजूच्या घरांच्याही सह्या घ्या, कारण धोका एकट्या तुमच्या भिंतीला नसून साऱ्या गल्लीला आहे, हे त्यातून दिसले पाहिजे.

कापणी सकाळी, हवेत गारवा असताना आणि विळ्यानेच करवून घ्या, कारण यंत्राचे पाते दगडावर आपटले तरी ठिणगी उडते. गाजरगवताने अंगाला खाज सुटते आणि दम्याचा त्रास बळावतो, तेव्हा हातमोजे घालायला आणि नाकातोंडाला फडके बांधायला कापणाऱ्याला आवर्जून सांगा.