कोबॉटची परिभाषा शिकताना

नाशिकमधील अंबड किंवा सातपूरच्या कारखान्यात कोबॉटवर, म्हणजे माणसांच्या शेजारी काम करणाऱ्या सहयोगी रोबॉटवर, नव्याने रुजू होणाऱ्यांनी शब्दांची यादी पाठ करण्याऐवजी प्रत्येक शब्द यंत्रापाशी उभे राहून समजून घ्यावा, असे मी सुचवेन. पेलोड, म्हणजे रोबॉटला पेलता येणारा भार, हे केवळ उचलायच्या वस्तूचे वजन नव्हे. ५ किलो पेलोडच्या रोबॉटला दीड किलोचा ग्रिपर (वस्तू पकडणारा पंजा) लावला की जॉबसाठी, म्हणजे उचलायच्या वस्तूसाठी, साडेतीन किलोच उरतात. रिपीटेबिलिटी (पुन्हा पुन्हा त्याच जागी येणे) आणि अ‍ॅक्युरसी (नेमक्या हव्या त्या जागी येणे) यांतही गल्लत करू नये, कारण रोबॉट दर वेळी अचूक त्याच जागी परत येत असला, तरी ती जागा चुकीची असू शकते.

टीसीपी, म्हणजे टूलचा संदर्भबिंदू, याकडे अधिक लक्ष द्यावे. एकदा मी लांब ग्रिपर बसवला, पण टीच पेंडंटवर, म्हणजे रोबॉटला हालचाली शिकवायच्या हातातल्या नियंत्रकावर, जुनाच टीसीपी राहू दिला. मनगट फिरताच ग्रिपरची बोटे फिक्स्चरच्या (जॉब जागेवर धरून ठेवणाऱ्या साच्याच्या) पिनवर आदळली आणि पिन वाकली. दोष सर्वस्वी माझा होता.

‘कोबॉट’ या शब्दाने मात्र निर्धास्त होऊ नये. रोबॉटचा हात थोडे बल लागताच थांबत असला, तरी ग्रिपरमध्ये धारदार पत्रा असेल तर धोका कायम राहतो. म्हणूनच औद्योगिक रोबॉटच्या सुरक्षिततेच्या आयएसओ १०२१८ या मानकाच्या २०२५ च्या आवृत्तीत भर रोबॉटवर नसून सहयोगी वापरावर आहे, आणि जोखमीचे मूल्यांकन ग्रिपर, जॉब व फिक्स्चरसह संपूर्ण सेलचे, म्हणजे रोबॉटभोवतीच्या सगळ्या मांडणीचे, करावे लागते.